खेड्यातला पोलीस कोणाला जबाबदार?

२०२५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प स्कॉटलंडला गेले होते. टर्नबेरी येथे आणि ॲबरडीनशायरमध्ये त्यांच्या मालकीची गोल्फची मैदाने आहेत आणि भेटीचा बराचसा काळ त्यांनी तेथेच घालवला. या काही दिवसांच्या बंदोबस्तासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून पोलीस काढून घेऊन ते हजारोंच्या संख्येने तेथे उभे करण्यात आले. एवढी माणसे एका जागी नेली, तर उरलेल्या मुलुखात नेहमीच्या कामाला कोण राहणार, हा प्रश्न खुद्द पोलिसांच्या संघटनांनीच विचारला होता. पाहुणा परत गेला, बंदोबस्त उठला. प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला.

हा प्रश्न एका भेटीपुरता नाही. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील एखाद्या खेड्यात मध्यरात्री कोणी संकटात सापडले, तर मदतीला येणारा शिपाई किती मैलांवर आहे, त्याला तेथे कोणाच्या निर्णयाने ठेवले आहे, आणि त्याला तेथून हलवायचे झाल्यास कोणाची संमती घ्यावी लागते, या तीन प्रश्नांची उत्तरे २०१३ नंतर बदलली आहेत. चर्चा होते ती बहुधा पहिल्या प्रश्नाची, म्हणजे संख्येची. परंतु संख्येच्या मुळाशी सत्तेचा प्रश्न आहे. पोलिसाने कोणते काम आधी करावे हे ज्याच्या हाती, त्याच्याच सोयीने शेवटी माणसे वाटली जातात. समाजवादी कार्यकर्त्याने स्कॉटलंडच्या या अनुभवाकडे लक्ष द्यायचे ते याच कारणासाठी.

भूगोलाचे गणित

स्कॉटलंडच्या पोलीस दलाचा ‘हायलँड्स अँड आयलंड्स’ हा विभाग हायलँड, वेस्टर्न आयल्स, ऑर्कनी आणि शेटलंड या चार कौन्सिलांचा प्रदेश सांभाळतो. क्षेत्रफळ सुमारे ३१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे बेल्जियमहून किंचित अधिक किंवा महाराष्ट्राच्या एक दशांश. वस्ती मात्र २०२२ च्या जनगणनेनुसार तीन लाखांच्या थोडी वर. दर चौरस किलोमीटरला दहा माणसे. रस्ते बहुतेक ठिकाणी इतके अरुंद की एक वाहन थांबल्याखेरीज दुसरे पुढे जात नाही. बेटांवर जायचे तर बोटीचे वेळापत्रक आणि हवेची मर्जी, दोन्ही सांभाळावी लागतात.

अशा मुलुखात पोलिसांची गरज कशी मोजावी? नगरवासी प्रशासकाची सवय दर हजार लोकांमागे शिपाई किंवा नोंदलेल्या दर शंभर गुन्ह्यांमागे शिपाई मोजण्याची. दोन्ही मापे येथे फसवी ठरतात. आठवड्याचे तास १६८. एक मनुष्य आठवड्याला ४० तास काम करतो. रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि न्यायालयातील हजेरी वजा केली, तर एक जागा रात्रंदिवस भरलेली ठेवण्यासाठी सुमारे पाच माणसे लागतात. त्यातही स्कॉटलंडच्या फौजदारी कायद्यात एकाच पुराव्यावर दोष सिद्ध होत नाही. त्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. त्यामुळे बऱ्याच कामांवर पोलीस दोघे मिळून जातात. म्हणजे एका टापूत दोघांची एक गस्त अखंड ठेवायची तर दहा माणसे हवीत. त्या टापूत पाचशे लोक राहोत की पाच हजार, हा आकडा त्याच्याखाली येत नाही.

शिवाय एखाद्यास अटक झाली की त्याला दूरच्या कोठडीत पोचवण्यासाठी त्याच दोघांना जावे लागते. जाऊन येईपर्यंत कित्येक तास मोडतात आणि तेवढा वेळ तो टापू उघडा पडतो. शिक्षेच्या कायद्याची अंमलबजावणी जेथे व्हायची ती न्यायालयेही दूर गेली आहेत. २०१३ ते २०१५ या काळात काटकसरीच्या नावाखाली दहा शेरीफ न्यायालये बंद झाली; त्यांत उत्तरेकडील डॉर्नॉक आणि डिंगवॉल ही होती. न्यायखात्याने आपल्या अंदाजपत्रकात वाचवलेला पैसा पोलिसांच्या प्रवासात आणि साक्षीदारांच्या बुडालेल्या मजुरीत खर्च झाला, एवढाच याचा अर्थ. एका खात्याची बचत हा दुसऱ्या खात्याचा किंवा नागरिकाचा खर्च असतो. सार्वजनिक वित्तव्यवहाराचा हा प्राथमिक पाठ सरकारे वारंवार विसरतात.

येथे गुन्हे कमी आहेत, मग पोलीस कमी असले तर बिघडले काय, असा युक्तिवाद केला जातो. गुन्हे कमी आहेत हे खरे आहे. २०१५ मध्ये कॅना नावाच्या छोट्याशा बेटावर, ग्राहकाने स्वतः पैसे ठेवून वस्तू न्यावी अशा विश्वासावर चालणाऱ्या दुकानात चोरी झाली, तेव्हा ती देशभरच्या वृत्तपत्रांची बातमी झाली होती. परंतु दवाखान्यात रुग्ण कमी आले म्हणून डॉक्टर काढून घेणे आणि आग लागली नाही म्हणून बंब विकून टाकणे यांत जितके शहाणपण, तितकेच या युक्तिवादात आहे. विरळ वस्तीत पोलिसाचे मोल त्याने पकडलेल्या चोरांच्या संख्येत नसते, तर तो वेळेवर येईल या खात्रीत असते. ही खात्री हे सार्वजनिक हिताचे माप आहे. ते तक्त्यात भरता येत नाही म्हणून ते नाहीच असे मानणे हा अर्थशास्त्राचा दुरुपयोग होय.

इतिहासाची आठवण

हायलँडच्या लोकस्मृतीत पोलिसाची प्रतिमा केवळ रक्षकाची नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी हजारो कुटुंबे या प्रदेशातून हुसकून लावली. सदरलंडच्या जहागिरीतील ही हकालपट्टी मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात भांडवलाच्या आद्य संचयाचे उदाहरण म्हणून नोंदवली आहे. जे उरले ते क्रॉफ्टर, म्हणजे तुकडाभर जमीन कसणारी कुळे. १८८२ मध्ये स्काय बेटावरील ब्रेझ येथील क्रॉफ्टरांनी बेन ली या डोंगरावरील चराईचा पूर्वापार हक्क परत मिळेपर्यंत खंड देण्याचे नाकारले. त्यांना बजावलेल्या नोटिसा त्यांनी जाळल्या. तेव्हा पुढाऱ्यांना पकडण्यासाठी सुमारे ५० पोलीस थेट ग्लासगोहून आणण्यात आले. परगण्याचे स्वतःचे पोलीस थोडे होते. ब्रेझच्या स्त्रीपुरुषांनी, विशेषतः स्त्रियांनी, दगडधोंड्यांनी या परक्या पोलिसांचा सामना केला. या लढ्याचा परिणाम म्हणून १८८३ मध्ये नेपियर आयोग नेमला गेला आणि १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरांना जमिनीवर वहिवाटीची शाश्वती मिळाली.

ही कथा येथे सांगण्याचे कारण असे की, पोलीस पुरेसे आहेत की नाहीत एवढेच पाहणे अपुरे आहे, हे तिच्यावरून स्पष्ट होते. १८८२ मध्ये ब्रेझला पोलीस कमी पडले नव्हते, हवे त्यापेक्षा जास्तच आले होते. ते कोणाच्या मागणीवरून आले आणि कोणाच्या हिताला प्राधान्य देण्यासाठी आले, हा खरा प्रश्न होता.

पुढच्या काळात चित्र पालटले. गावाच्या चौकीला लागून असलेल्या पोलिसांच्या घरात शिपाई सहकुटुंब राहू लागला. त्याची मुले गावच्या शाळेत जात. कोणाची भांडणे विकोपाला जाण्याच्या बेतात आहेत, कोणता म्हातारा एकटा पडला आहे, कोणत्या पोराला दारूचे वेड लागले आहे, हे त्याला विचारावे लागत नसे. १९७५ मध्ये स्थानिक शासनाची पुनर्रचना झाली तेव्हा स्कॉटलंडमध्ये आठ पोलीस दले झाली. त्यांच्यावर लोकनियुक्त कौन्सिलरांच्या मंडळांची देखरेख होती आणि खर्चाचा जवळजवळ निम्मा भार कौन्सिलांकडे होता. ही मंडळे फार प्रभावी होती असे नव्हे. चीफ कॉन्स्टेबलच्या दैनंदिन कारभारात त्यांना हात घालता येत नसे आणि अनेकदा ती केवळ माना डोलावीत. तरीही पैशाच्या थैलीची एक दोरी स्थानिक लोकप्रतिनिधींच्या हाती होती. तिचे मोल ती सुटल्यावर कळले.

एकीकरण आणि त्याची किंमत

१ एप्रिल २०१३ रोजी ही आठही दले विलीन होऊन ‘पोलीस स्कॉटलंड’ हे एकच दल अस्तित्वात आले. त्यामागचा २०१२ चा कायदा स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या सरकारने आणला. एका दलाच्या कल्पनेला मजूर पक्षाचाही पाठिंबा होता; लिबरल डेमोक्रॅट पक्षाने तिला विरोध केला. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर लंडनच्या सरकारने सार्वजनिक खर्चाला कात्री लावली होती आणि आठ मुख्यालयांऐवजी एक मुख्यालय ठेवल्यास पैसा वाचेल, हा सरकारचा मुख्य आधार होता. २०२६ पर्यंत एकूण १.१ अब्ज पौंडांची बचत होईल, असा हिशेब मांडला गेला.

एकीकरणाच्या बाजूने काहीच बोलण्यासारखे नव्हते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २१ डिसेंबर १९८८ रोजी लॉकरबीवर विमान कोसळून २७० माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा त्या प्रचंड तपासाची जबाबदारी ब्रिटनमधल्या सर्वांत लहान दलांपैकी एकावर येऊन पडली होती. खुनाचा तपास, बालकांवरील अत्याचार, संघटित गुन्हेगारी यांसाठी लागणारे तज्ज्ञ प्रत्येक लहान दलाला पोसता येत नाहीत. आज शेटलंडमध्ये गंभीर गुन्हा घडला, तर सगळ्या देशाची साधने तेथे नेता येतात. हा लाभ खरा आहे.

परंतु जे क्वचित लागते त्याचे केंद्रीकरण करण्यासाठी, जे रोज लागते त्याचेही केंद्रीकरण करणे आवश्यक होते काय? कारखान्यात उत्पादनाचे प्रमाण वाढले की दर नगामागचा खर्च घटतो, हा नियम भाजीपाला आणि खिळ्यांना लागू पडतो तसा गस्तीला पडत नाही. मुख्यालय मोठे झाल्याने डर्नेस आणि इन्व्हरनेस यांमधले अंतर एका मैलानेही कमी झाले नाही.

हिशेबही सरळ राहिला नाही. पूर्वीच्या दलांना मूल्यवर्धित कर परत मिळत असे. नव्या राष्ट्रीय दलाला तो मिळेना आणि २०१८ मध्ये नियम बदलेपर्यंत वर्षाला सुमारे २.५ कोटी पौंड लंडनच्या तिजोरीत जात राहिले. दुसरीकडे, २००७ च्या निवडणुकीत दिलेल्या वचनानुसार शिपाई-अधिकाऱ्यांची संख्या १७,२३४ च्या खाली येऊ द्यायची नाही, असा सरकारचा आग्रह होता. बचत तर करायची आणि गणवेशातली माणसे तर कमी करायची नाहीत. मग कुऱ्हाड पडली ती बिगरगणवेशी कर्मचाऱ्यांवर: कारकून, दूरध्वनी घेणारे, कोठडीचे कर्मचारी. त्यांची कामे शिपायांच्या गळ्यात पडली. अधिक पगाराचा प्रशिक्षित शिपाई टेबलाशी बसला आणि कागदावरचा आकडा शाबूत राहिला. ज्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या त्यांची संघटना हे तेव्हाच सांगत होती. पुढे २०१७ मध्ये या आकड्याचा आग्रहही सोडून देण्यात आला. आज दलातील पोलिसांची संख्या सोळा हजारांच्या वर, म्हणजे पुन्हा २००७ च्या आसपास आली आहे. कधीकाळी हजाराहून अधिक असलेले मानसेवी ‘स्पेशल कॉन्स्टेबल’ काही शेकड्यांवर आले आहेत. खेड्यांत आणि बेटांवर त्यांचाच आधार मोठा होता.

दूर गेलेला कान

नागरिकांना जाणवली ती दारे बंद होण्याची प्रक्रिया. २०१४ मध्ये ठाण्यांतील सुमारे साठ सार्वजनिक खिडक्या बंद झाल्या. त्यानंतर इमारतींचा आढावा, विक्री, आणखी आढावा, असे सत्र चालू राहिले. नियंत्रण कक्षांचेही तेच झाले. डम्फ्रीज आणि स्टर्लिंग येथील कक्षांचे काम मध्य पट्ट्यातील मोठ्या केंद्रांत नेण्यात आले.

५ जुलै २०१५ रोजी स्टर्लिंगजवळ एम-नऊ महामार्गाच्या कडेला खाली गेलेल्या एका मोटारीची खबर एका नागरिकाने दूरध्वनीवरून दिली. एडिंबरोजवळच्या बिल्स्टन ग्लेन येथील केंद्रात ती ऐकली गेली, पण संगणकावर नोंदलीच गेली नाही. तीन दिवसांनी मोटार सापडली तेव्हा आतील पुरुष मरण पावला होता; त्याच्याजवळची तरुण स्त्री जिवंत होती, ती पुढे रुग्णालयात दगावली. २०२१ मध्ये पोलीस दलाने न्यायालयात दोष कबूल केला आणि त्याला एक लाख पौंड दंड झाला. या दुर्घटनेचा सगळा दोष केंद्रीकरणावर टाकणे न्याय्य होणार नाही. चूक कोठेही होऊ शकते. परंतु घाईघाईने कामे एकवटताना केंद्रांवर किती ताण आणि किती अव्यवस्था लादली गेली, हे त्यानंतरच्या शासकीय तपासणीत पुढे आले. एवढे होऊनही २०१७ मध्ये ॲबरडीनचा आणि २०१८ मध्ये इन्व्हरनेसचा कक्ष बंद करून काम डंडीला नेण्यात आले. दूरध्वनी घेणाऱ्याला गेलिक ग्रामनामे कळतील काय, एकाच नावाच्या दोन वाड्यांपैकी कोणती, हे तो ओळखील काय, ही उत्तरेकडील लोकांची शंका भावनेची नव्हती, व्यवहाराची होती.

याहून बोलका प्रसंग बंदुकांचा. काही मोजक्या पोलिसांनी नेहमीच्या कामावर असतानाही कमरेला पिस्तूल बाळगावे, ही पद्धत एकीकरणानंतर देशभर लागू झाली. असे सुमारे २७५ पोलीस होते. २०१४ मध्ये हायलँडच्या लोकांना किरकोळ तक्रारींच्या जागी, दुकानांत, रस्त्यांवर सशस्त्र पोलीस दिसू लागले. ज्या प्रदेशात हिंसक गुन्हा विरळा, तेथे हे कोणी ठरवले? कौन्सिलला विचारलेले नव्हते. स्वतः पूर्वी पोलीस असलेले आमदार जॉन फिनी यांनी हा प्रश्न लावून धरला. सरकारचे उत्तर होते की, हा दलाच्या अंतर्गत कारभाराचा विषय आहे. लोकांचा रोष वाढल्यावर ऑक्टोबर २०१४ मध्ये ही पद्धत आवरती घेण्यात आली. ग्लासगोच्या परिसरात रुजलेली, वाटेत थांबवून अंगझडती घेण्याची पद्धतही अशीच सर्वत्र पसरली. एडिंबरोच्या संशोधक कॅथ मरे यांच्या अभ्यासाने आणि त्यानंतरच्या वादळाने तिला २०१७ मध्ये नियमसंहितेचा लगाम बसला. एका शहराच्या पूर्व भागात कदाचित उपयोगी पडलेला उपाय डोंगरातल्या गावावर लादला, तर पोलीस वाढूनही सुरक्षितता वाढत नाही. वाढतो तो दुरावा.

प्राधान्य कोणाचे?

मग ग्रामीण स्कॉटलंडला पोलिसांकडून हवे तरी काय? डोंगरावर ज्याच्याशिवाय मेंढपाळाचे काम अडते ते चारचाकी वाहन चोरीला गेले, तर त्याचा तपास हवा. मोकाट कुत्र्यांनी मेंढ्या फाडल्या, तर कोणीतरी येऊन पंचनामा करावा. या अपराधाला २०२१ पासून ४० हजार पौंड दंड किंवा एक वर्ष कैद अशी कडक शिक्षा आहे. पण शिक्षा कडक करायला विधिमंडळाला एक दुपार पुरते, ती बजावायला माणूस लागतो. २०१५ पासून ‘नॉर्थ कोस्ट ५००’ या नावाने उत्तर किनाऱ्याच्या रस्त्याची पर्यटकांत जाहिरात झाली. लाभ हॉटेलांना झाला. अरुंद रस्त्यांवरच्या वेगाचा आणि अपघातांचा भार स्थानिकांवर पडला. तेथे वाहतुकीची गस्त हवी.

वन्यजीवांविरुद्धच्या गुन्ह्यांत तर वर्गसंबंध उघडे पडतात. स्कॉटलंडमधील खाजगी ग्रामीण जमिनीपैकी निम्मी जमीन पाचशेहून कमी मालकांच्या हाती आहे. त्यांतील काही जहागिरींवर ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीचा व्यवसाय चालतो आणि या पक्ष्यांना खाणारे गरुड, ससाणे तेथे नाहीसे होतात. २०१७ च्या एका शासकीय अभ्यासात, उपग्रहाने मागोवा घेतलेल्या १३१ सोनेरी गरुडांपैकी ४१ संशयास्पद रीतीने नाहीसे झाल्याचे आढळले. २०२४ च्या कायद्याने अशा शिकारीसाठी परवाना आवश्यक केला. परंतु हजारो एकरांच्या खाजगी रानात पुरावा शोधायला जाणारा पोलीस जर इतर दहा कामे सांभाळून हे करत असेल, तर परवान्याची भीती कोणाला वाटणार? गरिबाच्या खिशाची झडती घेणे सोपे असते, श्रीमंताच्या डोंगराची नसते. कोणते काम आधी, हे ठरवताना हा फरक आपोआप श्रीमंताच्या बाजूने काम करतो.

आणि सर्वांत मोठे काम तर गुन्ह्याचे नाहीच. पोलिसांकडे येणाऱ्या घटनांपैकी साधारण पाचांतील एकीतच गुन्हा नोंदवला जातो, असे दलाचेच म्हणणे आहे. बाकीच्या चारांत हरवलेली माणसे, एकटेपणाने खचलेली माणसे, जीव देऊ पाहणारी माणसे असतात. मानसिक आरोग्यसेवा खेड्यातून आखडती घेतली की, रात्री फिरवायला एकच क्रमांक उरतो. मग दोन शिपाई एका व्याकूळ माणसाबरोबर दूरच्या रुग्णालयात तासन्‌ तास बसून राहतात. पोलीस कमी पडतात याचे एक कारण इतर सगळे निघून गेले हे आहे.

या ओढाताणीतून २०२३ मध्ये ईशान्य विभागात एक प्रयोग झाला आणि २०२४ पासून तो देशभर नेण्यात आला. त्याचे नाव ‘प्रमाणशीर प्रतिसाद’. ज्या तक्रारीत पुराव्याचा धागा दिसत नाही, तिचा तपास पुढे चालवायचा नाही आणि तक्रारदाराला तसे स्पष्ट सांगायचे. स्पष्टपणा हा गुण आहे हे मान्य. परंतु शहराच्या चौकात कॅमेरा असतो, शेजारी असतो, येणाराजाणारा असतो. म्हणून धागा दिसतो. रानातल्या गोठ्यापाशी यांतले काहीच नसते. नियम सर्वांना सारखा, पण त्याचा फटका सारखा नाही. समानतेच्या भाषेत विषमता कशी नांदू शकते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

काय व्हायला हवे

समाजवाद्यांनी पोलीस वाढवण्याची मागणी करावी काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. पोलीस हे राज्यसत्तेचे दंडबळ आहे आणि श्रमिकांच्या पाठीवर त्याचे वळ आहेत. ब्रेझच्या क्रॉफ्टरांनाही हे ठाऊक होते. परंतु ज्याच्याकडे खाजगी पहारेकरी ठेवायला पैसा आहे, त्याला सार्वजनिक पोलीस दूर गेल्याने काही तोटा होत नाही. तोटा होतो तो नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचा, मजुराचा, लहान शेतकऱ्याचा. म्हणून मागणी हवी ती आटोक्यातल्या, ओळखीच्या आणि उत्तरदायी पोलिसाची.

त्यासाठी पहिली गोष्ट अधिकाराची. आज स्थानिक पोलीस आराखडा कौन्सिलसमोर येतो. पण तो पार पाडायला माणसे किती द्यायची, हे ठरवणे तिच्या हाती नाही. दलावर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाचे सदस्य स्कॉटलंडचे मंत्री नेमतात. खुनाचा तपास आणि दहशतवाद राष्ट्रीय पातळीवर खुशाल राहोत; गस्त, ठाणी आणि स्थानिक प्राधान्यक्रम यांबाबत कौन्सिलचा शब्द बंधनकारक असला पाहिजे. दुसरी गोष्ट मापाची. प्रत्येक टापूसाठी अंतर आणि वेळ यांवर आधारलेले किमान मनुष्यबळ ठरवावे आणि ते जाहीर असावे. तिसरी, बंदोबस्तासाठी माणसे हलवली, तर कोणत्या गावातून किती दिवस हलवली, याचा हिशेब त्या गावाला मिळावा. चौथी गोष्ट घरांची. पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी घरे उचलली गेल्याने हायलँडमध्ये शिक्षकाला, परिचारिकेला, शिपायाला घर मिळत नाही. हायलँड कौन्सिलने मार्च २०२४ मध्ये बॅडेनॉक आणि स्ट्रॅथस्पे या भागात अशा भाडेव्यवहारावर नियंत्रण आणले, ते योग्यच झाले. असे असता सरकारी मालकीची पोलीसघरे विकणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळून खाणे आहे. आणि शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दवाखाना, मानसोपचार आणि समाजसेवा पुन्हा खेड्यात आणणे. पोलिसाला पोलिसाचे काम करू द्यायचे असेल, तर दुसरा मार्ग नाही.

या विषयाचा मराठी मुलुखाशी एक जुना धागा आहे. पेशवाई संपल्यावर येथला कारभार हाती घेतलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटिश गृहस्थ होता. १८१९ च्या आपल्या अहवालात त्याने गावचा पाटील आणि त्याच्या हाताखालचा राखणदार यांच्या व्यवस्थेची तपशिलाने नोंद केली आणि पाटलाचे पोलिसी अधिकार मोडून न टाकण्याचे धोरण ठेवले. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती आणि वतनाचा जुलूम होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु परक्या विजेत्यालाही जे दिसले ते एवढे की, गावाला ओळखणाऱ्या माणसावाचून गावाचे रक्षण होत नाही. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात पोलीस पाटील राहिला. तो गावाला किती आणि वरच्या साहेबाला किती जबाबदार आहे, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी चौखंभा राज्याची कल्पना मांडताना सैन्य केंद्राकडे, सशस्त्र पोलीस प्रांताकडे आणि बाकीचे सर्व पोलीस जिल्हा व गाव यांच्या नियंत्रणाखाली असावेत, असे सुचवले होते. तेव्हा ते अनेकांना स्वप्नाळूपणाचे वाटले. स्कॉटलंडने नेमकी उलट वाट धरली, तीही सद्हेतूने, लोकनियुक्त आणि स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या सरकारच्या हातून. बचतीचा आकडा तेथे कागदावर जमलाही असेल. पण ठाण्याची खिडकी बंद झाली, दूरध्वनी ऐकणारा कान दूर गेला, आणि आपल्या गावात पिस्तूल लावून कोण फिरते हे गावाला वर्तमानपत्रातून कळले. कार्यक्षमतेच्या नावाने सत्ता वर सरकवण्याचे प्रस्ताव महाराष्ट्रातही येतात आणि येत राहतील. ते पोलिसांचे असतील, शाळांचे असतील, दवाखान्यांचे असतील. अशा प्रत्येक प्रस्तावापुढे कार्यकर्त्याने एकच प्रश्न ठेवावा: यानंतर गावाला ‘नाही’ म्हणता येईल काय? त्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर वाचणाऱ्या पैशाची किंमत कोण मोजणार आहे, हे वेगळे शोधावे लागणार नाही.